दगडी ढाबळ : पाखरांसाठी बांधलेली वास्तू

माणूस स्वतःसाठी घर बांधतो, देवासाठी मंदिर बांधतो आणि गुराढोरांसाठी गोठा बांधतो. पाखरांसाठीही त्याने काही ठिकाणी पक्क्या, चिरेबंदी वास्तू उभारल्या आहेत. कबुतरांना राहण्यासाठी व पिले वाढवण्यासाठी बांधलेल्या अशा जागेला मराठीत 'ढाबळ' म्हणतात. आपल्याकडे ढाबळ म्हटले की गच्चीवरील लाकडी फळ्यांची खुराडी डोळ्यांसमोर येतात. परंतु जगाच्या अनेक भागांत ढाबळ ही दगडाची, दुमजली घराएवढी उंच आणि शेकडो वर्षे टिकणारी वास्तू होती. तिची रचना पाहिली म्हणजे एका लहानशा पक्ष्याच्या सवयींचा माणसाने किती बारकाईने अभ्यास केला होता, हे ध्यानात येते. त्याचबरोबर, ही वास्तू कोणाच्या मालकीची होती आणि तिचा भार कोणावर पडत होता, हा प्रश्नही समोर येतो.

लालबागेतील कबुतरखाना

बंगळुरूच्या लालबागेचे नाव सर्वश्रुत आहे. हैदर अलीने १७६० मध्ये या बागेची उभारणी सुरू केली आणि टिपू सुलतानाने ती वाढवली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. आज सुमारे २४० एकरांवर पसरलेल्या या बागेत एक प्रचंड खडक आहे. सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानला जातो. त्याच्या माथ्यावर शहराचे संस्थापक केंपेगौडा यांच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज उभा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन कॅमेरून हे या बागेचे अधीक्षक होते. इंग्लंडमधील क्यू येथील प्रसिद्ध उद्यानात त्यांचे शिक्षण झाले होते. त्यांच्या कारकिर्दीत बागेचा विस्तार झाला आणि १८८९ मध्ये लोखंड व काच यांच्या प्रसिद्ध काचगृहाची पायाभरणी झाली. बागेत प्राणिसंग्रह होता, बँडवादनाचा मंडप होता. याच काळात, १८९३ च्या सुमारास, तेथे कबुतरांसाठीही एक स्वतंत्र वास्तू उभी राहिली. वनस्पतींच्या बागेत कबुतरांचे घर कशासाठी, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांत सापडते. तेथे मोठ्या मालमत्तेच्या आवारात तलाव, फळबाग, तबेला आणि ढाबळ असणे ही शतकानुशतकांची रीत होती. पुढे ढाबळीचा मूळ उपयोग संपला, तरी बागेची शोभा म्हणून ती उरली. उद्यानरचनेच्या या कल्पनेबरोबर ती समुद्र ओलांडून बंगळुरूपर्यंत आली. म्हणून लालबागेतील ही वास्तू समजून घ्यायची, तर तिच्या पूर्वजांकडे, म्हणजे दगडी ढाबळींकडे वळले पाहिजे.

कृत्रिम कडा

ज्याला आपण पारवा म्हणतो, तो निळसर राखाडी रंगाचा पक्षी पाळीव कबुतराचा पूर्वज होय. पारवा झाडावर घरटे बांधत नाही. कड्यांच्या कपारी, गुहा, किल्ल्यांचे तट, जुन्या विहिरींच्या भिंतींतील खाचा ही त्याची आवडती ठिकाणे. सह्याद्रीच्या कोणत्याही कड्याखाली किंवा पडक्या गढीत पारव्यांचे घुमणे ऐकू येते. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : पायाखाली टणक आधार, डोक्यावर आडोसा आणि शत्रूला सहज चढता येणार नाही अशी उंची.

ढाबळ बांधणाऱ्या गवंड्यांनी नेमक्या याच तीन गोष्टी पुरवल्या. दगडी ढाबळ म्हणजे आत वळवलेला एक कृत्रिम कडाच होय. खऱ्या कड्याच्या कपारी बाहेरच्या अंगाला असतात. ढाबळीच्या कपारी आतल्या अंगाला असतात. बाहेरून गुळगुळीत भिंत आणि आतून तळापासून छतापर्यंत कोनाडेच कोनाडे, असे तिचे स्वरूप असे.

कबुतराची मादी एका वेळी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात आणि सुमारे अठरा दिवसांत पिले बाहेर येतात. आईबाप आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दुधासारखा पातळ पदार्थ पिलांना भरवतात. चार आठवड्यांत पिले जवळजवळ पूर्ण वाढतात आणि वर्षभरात विणीच्या अनेक पाळ्या होतात. युरोपातील जमीनदारांना या पक्ष्याचे मोल वाटले, ते यामुळेच. उडायला शिकण्यापूर्वीच्या पिलांचे कोवळे मांस हे तेथील श्रीमंतांचे आवडते अन्न होते. शिवाय, पिसे गाद्यागिरद्यांसाठी आणि विष्ठा खतासाठी उपयोगी पडत असे.

भिंत, कोनाडे आणि फिरती शिडी

ढाबळीचा आकार प्रदेशागणिक बदलतो. कोठे ती गोल बुरुजासारखी, कोठे चौकोनी, तर स्कॉटलंडमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, वर निमुळती होत जाणारी असते. यांपैकी गोल आकार सर्वांत जुना आणि कामाला सोयीचा मानला जातो.

भिंतीची जाडी बरीच असावी लागे. इंग्लंडमध्ये हेरफर्डशायर परगण्यातील गार्वे या गावी १३२६ मध्ये सेंट जॉनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धर्मयोद्ध्यांच्या संघाने बांधलेली गोल दगडी ढाबळ आजही उभी आहे. तिच्या भिंती मीटरभराहून जाड असून त्यांत ६६६ कोनाडे आहेत. जाड भिंतीचे दोन फायदे होत. एक म्हणजे कोनाडा खोल घेता येई. दुसरा फायदा असा की, दगडाचा मोठा साठा हळूहळू तापतो आणि हळूहळू निवतो. त्यामुळे बाहेर कडक थंडी किंवा ऊन असले, तरी आतील तापमान फारसे बदलत नसे. अंडी उबवण्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते.

कोनाड्याची घडणही विचारपूर्वक केलेली असे. आपल्या जुन्या वाड्यांत दिवा ठेवण्यासाठी भिंतीत देवळी असते, तसाच हा कोनाडा. मात्र त्याचे तोंड अरुंद, साधारण वीतभर रुंदीचे. अनेक ढाबळींत तो आत जाऊन एका बाजूला काटकोनात वळतो. त्यामुळे मादीला अंधाऱ्या, सुरक्षित कोपऱ्यात बसता येते आणि अंडे घरंगळून खाली पडत नाही. कोनाड्यांच्या काही ओळींखाली दगडाची अरुंद पट्टी बाहेर काढलेली असते. उडून आलेल्या पक्ष्याने प्रथम तेथे उतरावे आणि मग आपल्या घरात शिरावे, अशी ही योजना.

आता या मांडणीचा हिशेब करून पाहू. एखाद्या गोल ढाबळीचा आतील व्यास ५ मीटर आहे, असे समजा. तिचा आतील घेर सुमारे १५.७ मीटर होईल. दर ४० सेंटिमीटरला एक कोनाडा ठेवला, तर एका ओळीत ३९ कोनाडे बसतील. अशा १५ ओळी घेतल्या, तर एकूण ५८५ कोनाडे होतील. प्रत्येक कोनाड्यात एक जोडी धरली, तर एका मध्यम आकाराच्या वास्तूत अकराशेहून अधिक पक्षी राहू शकतील.

इतक्या कोनाड्यांतून पिले काढायची आणि साफसफाई करायची, तर उंचावर पोहोचणार कसे? यासाठी गवंडी आणि सुतार यांनी मिळून एक सुंदर युक्ती शोधली. ढाबळीच्या बरोबर मध्यभागी एक उभा लाकडी खांब बसवला जाई. वाड्याचे जड दार जसे दगडी उखळीत फिरते, तसा हा खांब खाली दगडाच्या खळग्यात आणि वर तुळईत फिरत असे. खांबाला आडव्या भुजा असत आणि त्या भुजांच्या टोकाला, भिंतीपासून हातभर अंतरावर, शिडी बांधलेली असे. शिडीवर उभे राहून भिंतीला हाताने हलका रेटा दिला, की खांब फिरे आणि शिडी पुढच्या कोनाड्यांसमोर येई. खाली उतरण्याची गरज नसे. गोल आकाराची खरी सोय येथे कळते. वर्तुळाच्या मध्यापासून परिघ सर्वत्र सारख्याच अंतरावर असतो. म्हणूनच एकच शिडी प्रत्येक कोनाड्यापर्यंत पोहोचते. चौकोनी ढाबळीत हे शक्य होत नाही, कारण तिचे कोपरे शिडीपासून दूर राहतात. वॉरिकशायरमधील किनवॉर्टन येथील चौदाव्या शतकातील ढाबळीत असा फिरता खांब आजही पाहावयास मिळतो.

शत्रूपासून राखण

पक्ष्यांना आत येता यावे, पण ससाणा, मांजर, उंदीर आणि चोर यांना येता येऊ नये, ही ढाबळीच्या रचनेतील अवघड अट होती. पक्ष्यांची वाट छताच्या शिखरावर असे. तेथे लहान झरोक्यांची छत्री उभारलेली असे; तिच्यातून कबुतर आत शिरे, पण मोठ्या पक्ष्याला झेप घेऊन शिरणे जमत नसे. माणसासाठी खाली एकच दार ठेवलेले असे आणि तेही इतके ठेंगणे, की वाकूनच आत जावे लागे. यामुळे दार उघडताच सगळा थवा एकदम बाहेर झेपावत नसे. शिवाय, पिले चोरून नेणाऱ्याला घाईने पळणेही कठीण होई.

बाहेरील भिंतीवर मध्यावर एक दगडी पट्टी सभोवार पुढे आलेली दिसते. वरवर पाहता ती केवळ सजावट वाटते. प्रत्यक्षात उंदरांना अडवण्यासाठी ती काढलेली असे. भिंतीला नख्या रुतवत वर चढणारा उंदीर या पट्टीखाली आला, की त्याची वाट संपे. ओबडधोबड दगडांच्या भिंतीवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा करण्यामागेही हेच कारण होते. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये तपकिरी रंगाच्या मोठ्या उंदरांचा सुळसुळाट झाला. त्यानंतर अनेक जुन्या ढाबळींतील सर्वांत खालच्या ओळींचे कोनाडे बुजवून टाकण्यात आले. ते बुजवलेले कोनाडे आजही ओळखू येतात. एखाद्या भिंतीवरून तिच्या काळातील संकट कसे वाचता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

स्कॉटलंडमध्ये ईस्ट लोथियन भागातील फँटॅसी येथील ढाबळ आणखी एक गोष्ट शिकवते. तिचे उतरते छत दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि उत्तरेकडील भिंत नालेच्या आकारात उंच उचललेली आहे. उत्तर गोलार्धातील त्या थंड प्रदेशात दक्षिणेकडून ऊन मिळते आणि उंच भिंतीमुळे बोचऱ्या वाऱ्याला अडसर होतो. पक्ष्यांना उन्हात बसण्यासाठी केलेला हा ओटाच म्हणावा लागेल.

भारतीय परंपरा

कबुतर आणि वास्तू यांचे नाते आपल्याकडेही फार जुने आहे. 'पारवा' हा शब्द संस्कृत 'पारावत' या शब्दापासून आला आहे. कालिदासाच्या 'मेघदूता'त प्रासादाच्या माथ्यावर रात्री झोपी गेलेल्या पारव्यांचा उल्लेख येतो. 'अमरकोशा'त कबुतरांच्या बसण्याच्या जागेला 'कपोतपालिका' आणि 'विटंक' असे शब्द दिले आहेत. दक्षिणेतील मंदिरांच्या भिंतीवर पुढे झुकलेली, गोलाईदार छज्जासारखी जी दगडी पट्टी असते, तिला शिल्पशास्त्रात 'कपोत' असेच नाव आहे. बंगळुरूच्या हलसूर भागातील सोमेश्वर मंदिरासारख्या द्राविड शैलीच्या मंदिरांत ती पाहता येते. बाहेरून आलेल्या ढाबळीला बंगळुरूत अशी शब्दांची आणि शिल्पाची जुनी सोबत लाभली होती.

मोगल काळात कबुतरे उडवणे हा राजदरबाराचा छंद होता. अकबर या छंदाला 'इश्कबाजी' म्हणत असे आणि त्याच्या पदरी वीस हजारांहून अधिक कबुतरे होती, असे अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त नमूद केले आहे. गुजरातेतील गावांत आणि अहमदाबादच्या पोळांत उंच खांबावर नक्षीदार 'चबुतरो' उभारण्याची रीत आहे. मात्र चबुतरो आणि युरोपीय ढाबळ यांत मूलभूत फरक आहे. चबुतरो धर्मबुद्धीने पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी बांधला जातो. ढाबळ पक्ष्यांपासून उत्पन्न घेण्यासाठी बांधली जात असे.

इराणमधील इस्फहानच्या परिसरातील बुरूज या दोहोंपेक्षा वेगळे आहेत. तेथे कबुतरे पाळली जात, ती प्रामुख्याने खतासाठी. कच्च्या विटांच्या या भव्य बुरुजांत हजारो पक्षी राहत आणि त्यांची विष्ठा गोळा करून खरबुजांच्या मळ्यांना घातली जाई. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी जाँ शार्दँ याने इस्फहानच्या आसपास अशा तीन हजारांहून अधिक वास्तू असल्याचे लिहून ठेवले आहे.

दाणे कोणाचे?

ढाबळीची रचना कितीही कौतुकास्पद असली, तरी एक प्रश्न उरतोच. या शेकडो पक्ष्यांना खायला कोण घालत असे? जमीनदार हिवाळ्यातील काही काळ सोडला, तर बहुधा काहीच घालत नसे. कबुतरे सकाळी बाहेर पडत आणि आसपासच्या शेतांत चरून संध्याकाळी परतत. एक कबुतर दिवसाला सुमारे ३० ग्रॅम दाणे खाते. वर हिशेब केलेल्या ढाबळीतील ११७० पक्षी रोज सुमारे ३५ किलो, म्हणजे महिन्याला दहा क्विंटलांहून अधिक दाणे फस्त करतील. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत यातील बराचसा वाटा शेतकऱ्याच्या रानातून जात असे. मांस मात्र मालकाच्या ताटात पडे.

म्हणूनच ढाबळ बांधण्याचा अधिकार सर्वांना नव्हता. स्कॉटलंडमध्ये १६१७ च्या कायद्याने, ढाबळीपासून दोन मैलांच्या आत ठरावीक उत्पन्नाची जमीन ज्याच्या मालकीची असेल, त्यालाच ती बांधण्याची परवानगी दिली. या कायद्यामागे एक न्यायाचा विचार होता : पक्षी ज्याचे, त्यांनी शक्यतो त्याच्याच शेतात चरावे. फ्रान्समध्ये मात्र हा अधिकार सरंजामदारांची मिरास बनला. आपल्या पिकावर उतरलेले पाखरू मारण्याचीही शेतकऱ्याला मुभा नव्हती. १७८९ मध्ये राज्यक्रांतीच्या वेळी खेड्यापाड्यांतून आलेल्या गाऱ्हाण्यांत कबुतरांविषयीच्या तक्रारीही होत्या. त्याच वर्षी ४ ऑगस्टच्या रात्री फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द करण्यास आरंभ केला. त्यातून तयार झालेल्या आदेशात ढाबळीचा खास अधिकार नष्ट करण्यात आला. ग्रामसमूहाने ठरवलेल्या काळात कबुतरे कोंडून ठेवावीत आणि त्या काळात ती मोकळी सुटल्यास आपल्या जमिनीवर ती मारण्याचा प्रत्येकाला हक्क राहील, असेही ठरले. एका वास्तूचा उल्लेख राज्यक्रांतीच्या कायद्यात यावा, यावरून तिने किती जणांच्या तोंडचा घास काढून घेतला होता, याची कल्पना येते.

पुढे शेतीत बदल झाले. हिवाळ्यात जनावरांना घालण्यासाठी सलगमासारखी चाऱ्याची पिके घेतली जाऊ लागली आणि वर्षभर ताजे मांस मिळू लागले. कबुतरांची गरज कमी होत गेली. अनेक ढाबळी ओस पडल्या, काही पाडल्या गेल्या, काही कोठारे झाल्या, तर उरलेल्या बागेचे भूषण ठरल्या. लालबागेत उभी राहिली, ती या शेवटच्या टप्प्यातील ढाबळ होय.

आजचा प्रश्न

आज ढाबळी रिकाम्या असल्या, तरी कबुतरे मात्र शहरांत प्रचंड वाढली आहेत. उंच इमारतींच्या खिडक्या, सज्जे आणि यंत्रांच्या मागील सांदी हेच त्यांचे नवे कडे झाले आहेत. बंगळुरूतील अनेक इमारतींच्या सज्ज्यांना जाळ्या लावलेल्या दिसतात, त्या यामुळेच. कबुतरांची वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेल्यास काही जणांना फुप्फुसांचा गंभीर विकार होऊ शकतो. २०२५ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश महापालिकेला दिले. दादरचा जुना कबुतरखाना ताडपत्रीने झाकण्यात आला, त्यावरून आंदोलने झाली आणि हा वाद मुंबई उच्च न्यायालयातही गेला. एका बाजूला भूतदयेची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला सार्वजनिक आरोग्य, असा हा पेच आहे.

या पेचाकडे पाहताना जुन्या ढाबळीची व्यवस्था आठवणे उपयुक्त ठरेल. तिच्यात किती कोनाडे आहेत, हे ठाऊक असे. म्हणजे पक्ष्यांची संख्या मर्यादित राही. तेथील विष्ठा साचून न राहता फावड्याने उचलून शेतात जाई. तिची राखण करणारा माणूस नेमलेला असे. ती व्यवस्था दयेवर उभी नव्हती आणि न्यायाची तर नव्हतीच. पण पक्ष्याची जबाबदारी कोणाची, हे तिच्यात स्पष्ट होते. शहरात दाणे टाकणारा एक, त्रास सोसणारा दुसरा आणि झाडलोट करणारा तिसरा असतो. फ्रान्समधील शेतकऱ्याने जो प्रश्न विचारला होता, तोच वेगळ्या रूपात आज आपल्यापुढे उभा आहे : पुण्य किंवा लाभ एकाचा आणि भार दुसऱ्यावर, हे योग्य आहे काय?

जुनी वास्तू जतन करायची, ती केवळ तिच्या सौंदर्यासाठी नव्हे. वीतभर कोनाडा, फिरता खांब, उंदरांना अडवणारी पट्टी यांतून निनावी गवंड्यांची आणि सुतारांची बुद्धी आपल्याला दिसते. बुजवलेल्या खालच्या ओळींतून तिच्यावर आलेले संकट कळते. ढाबळीचे ठेंगणे दार आणि त्याचे भक्कम कुलूप यांतून तिच्या मालकाची सत्ता दिसते. लालबागेत किंवा अन्यत्र अशी एखादी वास्तू पाहण्याचा योग आला, तर ती कोणी बांधली एवढ्यावरच न थांबता ती कोणासाठी बांधली आणि तिचा खर्च कोणी सोसला, हेही विचारावे. असे प्रश्न विचारले, तरच दगड बोलू लागतात.